वाहतूक खटल्याची प्रमाणित नक्कल कशी मिळवाल?

आधी एक खात्री करा: चलान न्यायालयात गेलं होतं का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड शुल्क भरून मिटलेलं चलान सहसा न्यायालयापर्यंत जात नाही. त्याची नोंद वाहतूक पोलीस किंवा परिवहन विभागाच्या ई-चलान प्रणालीतच सापडते.

खटला दाखल झाला असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक खटल्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने शोधा. हा 16 अक्षर-अंकांचा असतो: पहिली चार अक्षरं राज्य आणि जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन अंक, सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष. मध्ये रेघ किंवा मोकळी जागा सोडू नका. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. इथेच बहुतेकांची गाडी अडते. 'प्रलंबित' हा पर्याय तसाच राहतो आणि निकाली निघालेला खटला दिसतच नाही; 'दोन्ही' हा पर्याय निवडा. नावाचं स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे टाकून बघा, चलानावर ते कसंही टंकलेलं असतं. आभासी न्यायालयात (ऑनलाइन चालणाऱ्या व्हर्च्युअल कोर्टात) गेलेलं चलान मात्र त्याच्या वेगळ्या संकेतस्थळावर वाहन क्रमांकाने शोधावं लागतं.

स्क्रीनवरची प्रिंट माहितीपुरती असते. अधिकृत कामाला प्रमाणित नक्कल हवी. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि नेमकं काय हवं ते लिहा: निकालपत्र, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) की दंडाची पावती. नुसतं 'सर्व कागद' लिहिलं की अर्ज रेंगाळतो. खटल्यात पक्षकार नसाल तर कारणही द्यावं लागतं. माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगी पडत नाही. न्यायालयीन नकला उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.