ऑडिशनला मूल नेताय? आधी त्याची पट्टी शोधा

टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेच्या नव्या पर्वाची जाहिरात लागली की दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजायला लागतो. "ताई, आमची पोर छान गाते, ऑडिशनला न्यायची आहे, एक गाणं बसवून द्याल का?" चिपळुणात 22 वर्षं मी मुलांना गाणं शिकवते आहे आणि हा प्रश्न मला इतक्या आईबाबांनी विचारलाय की आता सगळं एकदा नीट लिहूनच ठेवते. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. गाणं नंतर, आधी तिचा गळा कुठे बसतो, म्हणजे कोणत्या उंचीवरचा 'सा' तिला सहज लागतो, ते बघू. तीच तिची पट्टी.

झी मराठीवरचं 2008-09 चं 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' ज्यांनी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांसमोर अजून ती पाच मुलं असतील. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. आमच्याकडे तर काय सांगू! प्रथमेश लघाटे आरवलीचा, म्हणजे आमच्यापासून जेमतेम तासाभरावरचा. त्याचं गाणं असलं की गल्लीत एकाच वेळी सगळ्या घरांतून तोच आवाज यायचा. फेब्रुवारी 2009 मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली आणि दुसऱ्या महिन्यात माझ्या क्लासमधली 9 मुलं 31 झाली.

त्या 31 मधल्या निम्म्या मुलींना कार्तिकीसारखं गायचं होतं. तिथेच सगळं चुकतं. कार्तिकी आळंदीची. घरात वडील गाणारे आणि शिकवणारे, कानावर अभंग आणि गवळणी. तो खडा, मोकळा आवाज तिच्या घरातून आला होता. आर्या आंबेकरची आई शास्त्रीय गायिका, त्यामुळे आर्याच्या आवाजातला ठहराव त्या वयातही वेगळा कळायचा. प्रथमेश नाट्यसंगीतात रमायचा, अलिबागची मुग्धा वैशंपायन सगळ्यांत लहान आणि शब्द इतके स्वच्छ की ऐकत राहावं, लातूरचा रोहित राऊत जोशातली गाणी घ्यायचा. पाचही जण अंतिम फेरीपर्यंत गेले आणि पाचांतलं एकही दुसऱ्यासारखं गात नव्हतं. तुमच्या मुलाला त्या पर्वातली गाणी जरूर ऐकवा, पण एक काम देऊन ऐकवा. वहीत गाण्याचे शब्द लिहायचे आणि गाणाऱ्याने जिथे जिथे श्वास घेतला तिथे पेन्सिलने बारीक खूण करायची. एका गाण्याला दोन संध्याकाळी लागतात. नक्कल करायला ऐकणारं मूल हरकती, म्हणजे गळ्याच्या बारीक नक्षीच्या जागा, उचलतं आणि श्वास शोधायला ऐकणारं मूल गाणं शिकतं.

पट्टी

आता मुख्य काम. ते सकाळी करू नका. सकाळी आवाज खाली आणि जड असतो. मूल खेळून आलं, पाणी प्यायलं, अर्धा तास गेला की बसवा. फोनवर तानपुरा लावा, सुरुवात काळी चारपासून, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा 'सा' धरून. आधी 'सा' वर स्थिर होऊ दे. मग सावकाश खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प' पर्यंत न्या. तिथे सूर ऐकू येतोय की नुसती हवा? हवा असेल तर अर्धा सूर वर घ्या. मग वर न्या, तार गंधार आणि मध्यम, म्हणजे वरच्या सप्तकातले 'ग' आणि 'म'. या वेळी कानांनी ऐकूच नका, डोळ्यांनी बघा. हनुवटी वर उचलली गेली, मानेची शीर दिसली, खांदे कानांकडे सरकले, की त्या मुलाला ती पट्टी उंच आहे. तो सूर लागला तरी उंच आहे. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि दोन पट्ट्यांमध्ये मन अडकलं तर खालची धरा.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी होती, वय 10. गळा काळी चारचा. पण त्याहून उंच काळी पाचवर तिचा आवाज झळकायचा. क्लासमध्ये सगळे मान डोलवायचे, तिचे आईबाबा खूश, मीही खूश. मी गाणं काळी पाचवर बसवलं. ऑडिशन पुण्यात होती. आम्ही रात्रीच्या एसटीने निघालो आणि कुंभार्ली घाटात तिला दोनदा उलटी झाली. उलटीने घसा आतून सोलल्यासारखा होतो, हे मला तेव्हा सुचलंही नाही. पहाटे उतरलो, सहाला रांगेत उभे राहिलो, छातीवर नंबर लागला आणि आत जायला दुपारचे साडेतीन वाजले. तोपर्यंत रांगेत शेजारची मुलं गायची तेव्हा तीही गायली. किती वेळा गायली असेल! मी थांबवलं नाही.

पालक-शिक्षकांना आत सोडत नव्हते. मी बंद दाराबाहेर उभी. आत पेटी नाही, तानपुरा नाही, सूर द्यायला कुणी नाही. घाबरलेलं मूल आपणहून सुरू करतं तेव्हा ठरलेल्या सुरापेक्षा वरच सुरू करतं. मी 'सा' ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. काळी पाचच्याही वर गेली होती. मुखडा निभावला. अंतऱ्यात तार पंचमाला आवाज फाटला, ती थांबली, पुन्हा उचललं, पुन्हा फाटला. मग "थँक यू बेटा." जेमतेम 40 सेकंद. दार उघडून ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "ताई, सूर सापडलाच नाही."

तो सूर तिला सापडला नाही कारण मी तो चुकीच्या जागी ठेवला होता.

स्वतःचा 'सा' स्वतः शोधणं

तेव्हापासून माझ्याकडे एक गोष्ट रोज होते. मूल दारातून आत येतं, चपला काढतं आणि तानपुरा न लावता गाण्याची पहिली ओळ म्हणतं. मग मी तानपुरा लावते. सूर जुळला का ते त्यानेच सांगायचं. पहिल्या आठवड्यात कुणाचाच जुळत नाही. महिन्याभरात अर्धा सूर इकडेतिकडे येतो आणि दोन महिन्यांत बहुतेक मुलं आपल्या पट्टीत उतरतात. घरी हे वेळीअवेळी करा, जेवणाच्या आधी, शाळेतून आल्या आल्या, धावून दम लागलेला असताना. आत गेल्यावर आधी तोंड मिटून 'सा' गुणगुणायचा, एक श्वास घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचं, ही सवय इतकी पक्की हवी की परीक्षकांनी "चल, गा" म्हटलं तरी मुलं दोन सेकंद घेतीलच. परीक्षक थांबतात. दोन सेकंदांसाठी कुणी बाद करत नाही.

गाण्यांची निवड

पाच गाणी तयार हवीत. एक अभंग, एक भावगीत, एक नाट्यपद किंवा राग अंगाचं काही, एक ठेक्याचं लोकगीत आणि एक चित्रपटगीत. पण सगळ्यांवर सारखी मेहनत नको. मुलाला जे गाणं अंघोळ करताना आपोआप तोंडात येतं ते पहिलं. त्याचा सगळ्यांत चांगला भाग पहिल्या 30 सेकंदांत यायला हवा. लांब आलाप, संगीताचे तुकडे तोंडाने म्हणणं, हे सगळं काढून टाका. मुखडा एकदाच, लगेच अंतरा. मध्येच थांबवलं तर ते नापसंतीचंच असतं असं नाही, "दुसरं काय येतं?" हा पुढचा प्रश्न असू शकतो. म्हणून घरी मुद्दाम मध्येच थांबवा आणि दुसरं गाणं सुरू करायला लावा. पहिल्यांदा मुलं रडकुंडीला येतात.

शृंगाराची लावणी आठ-दहा वर्षांच्या मुलीला मी बसवून देत नाही. टाळ्या भरपूर मिळतात, मला माहीत आहे. पण जे शब्द तिला समजावून सांगताना माझी जीभ अडते, ते मी तिच्या तोंडात घालणार नाही. यावरून एक-दोन पालक क्लास सोडूनही गेले आहेत. माझं मत बदललेलं नाही.

शब्दांचं एक पथ्य सांगते. 'चंद्र' मधला च आणि 'चांदणं' मधला च वेगळा आहे. 'जग' (दुनिया) मधला ज आणि 'जागा' मधला ज वेगळा आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं दोन्ही सारखेच म्हणतात आणि ळ चा ल करतात. गाणं सुरात म्हणण्याआधी चार दिवस नुसतं वाचून घ्या, मोठ्याने, अर्थासकट. मुग्धाची त्या वेळची गाणी यासाठी ऐका, एक अक्षर गिळलेलं सापडणार नाही.

माइकची सवय गणेशोत्सवात होते. मंडळाला विचारा, आरतीनंतर पाच मिनिटं कुणीही देतं. तोंडापासून चार बोटं अंतर, आणि 'प' 'फ' आला की माइक किंचित बाजूला. तिथे मुलं धावत असतात, कुणी प्रसाद वाटत असतो, लक्ष कुणाचंच नसतं. हा सराव बंद खोलीतल्या रियाजाने होत नाही.

प्रवास आणि तो दिवस

घाट लागत असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. नातेवाइकांकडे उतरा, रात्री वरणभात द्या, लवकर झोपवा. रांगेत गाऊ देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. बरोबर कोमट पाण्याची बाटली, पोळीचा लाडू, चित्रकलेची वही. दर तासाने एका कानात तानपुरा आणि दोन मिनिटं हलकं गुणगुणणं, तेवढंच. जन्मदाखला आणि फोटोंच्या प्रती दोन-दोन ठेवा. आणि "निवड करून देतो, इतके पाठवा" असा फोन आला तर कोण बोलतंय हे विचारतही बसू नका, फोन ठेवा. आमच्या भागातल्या एका कुटुंबाचे असे पैसे गेले आहेत.

निवड झालीच तर

आनंदाच्या भरात सही करू नका. 14 वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्र सरकारचे बालकामगारविषयक नियम आहेत, 2017 मध्ये त्यात कलाकार मुलांबद्दलची कलमं आली. चित्रीकरणासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेणं निर्मात्यांवर बंधनकारक आहे. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. शाळा बुडू नये याची सोय हवी. मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभं करता येत नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. हे सगळं कागदावर कुठे आहे ते विचारा. विचारलं म्हणून मूल बाद होईल अशी भीती बाळगू नका.

मुलगा 12-13 वर्षांचा असेल तर आणखी एक. आवाज फुटायला लागला असेल, गाताना मध्येच घसरत असेल, तर त्या वर्षी नेऊ नका. पट्टी खाली आणा, हळू आवाजात गाऊ द्या, जोर लावू देऊ नका. रोहित राऊत 2009 मध्ये शेवटच्या पाचांत होता. 2019-20 मध्ये 'इंडियन आयडल'च्या 11 व्या पर्वात तो मोठ्या माणसाचा आवाज घेऊन पुन्हा उभा राहिला आणि उपविजेता ठरला. मोठेपणी वेळ येतेच. वैशाली माडेने 2008 मध्ये मराठी 'सारेगमप' जिंकलं आणि पुढच्याच वर्षी हिंदीतलंही. 2021 मध्ये लिटिल चॅम्प्सचं पर्व पुन्हा आलं तेव्हा ती पाचही मुलं परीक्षकांच्या जागी बसली होती. जुलैमध्ये आमच्याकडे पूर आला, माझ्या पेटीच्या सुरांत चिखल गेला. पाणी ओसरल्यावर कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर मुलांनी फोनवर तो कार्यक्रम लावला होता. पंधरा जण एका पडद्याभोवती. त्यांतल्या कुणालाच 2009 आठवणार नव्हतं, ती जन्मलीच नव्हती.

परतीचा प्रवास

निवड न झालेल्या मुलांची संख्या नेहमीच मोठी असणार, म्हणून याची तयारी जाण्याआधी करा. निघतानाच ठरवा की परतताना काय करायचं. समुद्र, प्राणिसंग्रहालय, मावशीकडे मुक्काम, काहीही, पण ते निकालावर अवलंबून नको. गाडीत गाण्याबद्दल तुम्ही बोलू नका. मूल बोललं तर ऐका. "परीक्षकांना कळलं नाही" असं म्हणू नका, त्याने मुलाला पुढे कुणाचंच ऐकता येत नाही. नातेवाइकांचे फोन तुम्हीच घ्या, मुलाच्या हातात देऊ नका.

ऑडिशनचं गाणं पुढचे 15 दिवस माझ्या क्लासमध्ये कुणी गात नाही. सोमवारी नेहमीच्या वेळेला, साडेपाचला यायचं, चपला काढायच्या आणि खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावायचा. ती माझी विद्यार्थिनी पुण्याहून आल्यावर त्या सोमवारी आली नाही. मंगळवारी आली. मी काळी चारवर तानपुरा लावला आणि म्हटलं, "पट्टी माझी चुकली होती, बाळा. तुझी ही आहे." ती बराच वेळ नुसती ऐकत बसली. मग 'सा' लावला. हनुवटी जागची हलली नाही.