दिव्यांगांसाठी परवडणारे आणि वावरण्याजोगे घर: मागणी केव्हा आणि कशी मांडावी

घराच्या प्रश्नावर दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय बहुतेक वेळा उशिरा बोलतात. इमारत उभी राहते, चाव्या हाती येतात आणि मग लक्षात येते की लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठीच पाच पायऱ्या चढाव्या लागतात. त्या टप्प्यावर केलेल्या अर्जाला फार तर सहानुभूती मिळते. नकाशा मंजूर होण्यापूर्वी केलेल्या अर्जाला मात्र उत्तर द्यावे लागते. म्हणून महाराष्ट्रात या विषयावर काम करू पाहणाऱ्यांनी आपल्या भागात पुढे कोणते बांधकाम येऊ घातले आहे, याची माहिती आधी काढावी: म्हाडाची सोडत, महापालिकेचा प्रधानमंत्री आवास योजनेतील प्रकल्प, ग्रामपंचायतीची घरकुल यादी किंवा स्वतःच्याच सोसायटीचा पुनर्विकास.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील तीन कलमे या कामात वारंवार लागतात. कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिने अमुक एका ठिकाणीच राहावे अशी सक्ती करता येत नाही. कलम ३७ नुसार घरवाटपाच्या सर्व संबंधित योजनांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षण असून त्यात महिलांना प्राधान्य आहे. निवाऱ्यासाठी सवलतीच्या दराने दिल्या जाणाऱ्या जमिनीलाही हेच प्रमाण लागू होते. कलम ४४ नुसार सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वावरता यावे यासाठीच्या, नियमांत न बसणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि इमारत पूर्ण झाल्यावर दाखलाही देता येत नाही. ‘आम्ही खासगी आहोत, आम्हाला हे लागू नाही’ असे सोसायटी किंवा विकासक म्हणाला, तर खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपन्यांबरोबर सहकारी संस्थाही आहेत, हे त्याला दाखवावे. एखाद्या अधिकाऱ्याने ‘ही तर केवळ मार्गदर्शक तत्त्वे आहेत’ असे उत्तर दिल्यास ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातील निकालाचा आधार घ्यावा. सुगम्यतेचे नियम शिफारसवजा ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

सोडतीच्या जाहिरातीत प्रवर्गनिहाय सदनिकांचा तक्ता असतो. दिव्यांगांच्या रकान्यातील संख्येला एकूण संख्येने भागून पाहावे. प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी भरले तर अर्जाची मुदत संपण्यापूर्वीच लेखी हरकत घ्यावी. मात्र आरक्षणाने घर मिळाले तरी ते वावरण्याजोगे असेलच असे नाही, आणि बहुतेक निवेदने नेमकी येथेच अपुरी पडतात. त्यामुळे खालच्या मजल्याची मागणीही त्याच अर्जात नोंदवावी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबांना तळमजला वा खालचे मजले देताना प्राधान्य आहे.

सोसायटीच्या पुनर्विकासात सर्वाधिक वाव असतो, कारण तेथे निर्णय शेजाऱ्यांच्या हाती असतो आणि विकासकाला सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी असते. निविदेचा मसुदा सभेपुढे येईल तेव्हा ‘इमारत दिव्यांगस्नेही असावी’ असे मोघम वाक्य घालून समाधान मानू नये. ते कोणीही आनंदाने मान्य करतो आणि कोणीही पाळत नाही. मागणी मापात लिहावी. रॅम्पचा उतार १:१२ (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) पेक्षा तीव्र नसावा. लिफ्टच्या आणि घराच्या दारांची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी. चाकाची खुर्ची वळवण्यासाठी स्नानगृहात १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा असावी. ही मापे का लिहायची, ते एका हिशेबावरून स्पष्ट होईल: जोता जमिनीपासून ६०० मिलिमीटर उंच असेल, तर १:१२ उताराचा रॅम्प मधला थांबा न धरताही ७.२ मीटर लांब होतो. एवढी जागा पार्किंगची आखणी झाल्यावर कोठूनही निघत नाही. वास्तुविशारदाला ती पहिल्या आराखड्यातच काढायला सांगितली, तर वेगळा खर्च फारसा येत नाही. सभेत एकट्याने बोलण्याऐवजी ज्येष्ठ सभासदांना आधीच सोबत घ्यावे. गुडघेदुखीने बेजार झालेला सभासद रॅम्पच्या बाजूने हमखास हात वर करतो.

बौद्धिक दिव्यांगत्व किंवा मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत रॅम्पने प्रश्न सुटत नाही. ‘आमच्यानंतर हिचे कोण?’ हा पालकांचा प्रश्न घराबरोबर आधारही मागतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ मध्ये समाजात राहण्याचा हक्क मान्य केला असून, मनोरुग्णालयात राहून उपचार घेण्याची गरज न उरलेल्यांसाठी समूहनिवासासारख्या सोयी करण्याची किंवा त्यांना साहाय्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. बौद्धिक व तत्सम दिव्यांगत्व असलेल्यांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यास या केंद्रीय संस्थेच्या ‘घरौंदा’ योजनेची कल्पनाही प्रौढांच्या समूहनिवासाचीच आहे. काही कुटुंबांनी एकत्र येऊन, वस्तीतच एक सदनिका आणि सोबत राहणारा मदतनीस अशी लहान मागणी मांडावी. गावाबाहेरच्या मोठ्या वसतिगृहाचा प्रस्ताव पुढे आला तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ५ दाखवून तो नम्रपणे नाकारावा. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. त्याचे नियोजन अंदाजपत्रकापूर्वी होते, म्हणून निवेदनही त्याआधीच पोहोचले पाहिजे.

प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात नेमके चार प्रश्न विचारावेत: प्रकल्पात एकूण सदनिका किती, दिव्यांगांसाठी राखीव किती, प्रत्यक्ष वाटप किती आणि कोणत्या मजल्यांवर. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. त्या उत्तराची प्रत जोडून पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केल्यावर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी किंवा शिफारस न मानण्याचे कारण द्यावे, अशी तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातच आहे.

बांधकाम पूर्ण होत आले की चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन, मोजपट्टीसह इमारत पाहावी. मान्य नकाशा आणि प्रत्यक्ष दार यांत फरक आढळल्यास पट्टी लावलेले छायाचित्र काढून, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यासाठी वापरण्याची परवानगी) दिले जाण्यापूर्वीच नगररचना किंवा इमारत परवानगी विभागात लेखी हरकत दाखल करावी.