जुन्या डिजिटल घड्याळाचा डिस्प्ले बिघडला? काच बदलण्याआधी या चुका टाळा

गोव्यात कुणाच्या कपाटात तारवटी (जहाजावर काम करणाऱ्या) काकांनी आणलेलं सेइको असतं, कुणाकडे आखातातून आलेल्या मामाचं कॅसिओ. आकडे अर्धवट दिसू लागले की दुकानात बहुधा एकच उत्तर मिळतं: "डिस्प्ले गेला, आता मिळत नाही." अशा कितीतरी घड्याळांची काच, म्हणजे आकडे उमटतात ती डिस्प्लेची काच, धडधाकट असते. बिघाड असतो सेलमध्ये, काचेपर्यंत वीज नेणाऱ्या पट्टीत किंवा काचेवर चिकटवलेल्या फिल्ममध्ये. आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा, मगच काचेला हात लावा.

नवा सेल घातला आणि पडदा कोरा राहिला किंवा भलतेच तुकडे दिसू लागले, म्हणून घड्याळ भंगारात टाकणं ही सगळ्यांत वाईट चूक. बऱ्याच कॅसिओ मॉड्यूलवर (घड्याळाच्या आतल्या सर्किट-डिस्प्लेच्या संचावर) 'एसी' (AC) अशी अक्षरं असलेला एक छोटा बिंदू असतो. धातूच्या चिमट्याचं एक टोक त्या बिंदूवर आणि दुसरं सेलच्या धन बाजूवर दोनेक सेकंद टेकवलं, की सर्किट नव्याने सुरू होतं. सेल बदलताना ही पायरी राहून जाते आणि दोष डिस्प्लेच्या माथी बसतो.

सेल निवडतानाही घाई नको. सिल्व्हर ऑक्साइड सेल जवळजवळ शेवटपर्यंत 1.55 व्होल्ट टिकवून धरतो. त्याच मापाचा स्वस्त अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टवर सुरू होतो आणि हळूहळू उतरत जातो, त्यामुळे आकडेही फिके पडत जातात. शिवाय संपलेला अल्कलाइन सेल आतच राहिला तर पाझरतो. पत्र्यांवर पांढरट-हिरवट थर दिसला तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन तो उतरवा आणि लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घड्याळ वापरायचं नसेल तर सेल काढूनच ठेवा.

आकड्याची एखादी रेघच गायब असेल तर पहिला संशय रबरी पट्टीवर घ्यावा. सर्किट आणि काच यांच्यामध्ये काळ्या-पांढऱ्या थरांची बारीक पट्टी असते; तिला झेब्रा पट्टी म्हणतात. त्यातले काळे थर वीज वाहून नेतात. बोटाचा तेलकटपणा, धूळ किंवा आत शिरलेली खारट ओल तिथे बसली की संपर्क तुटतो. नंतरच्या काळातल्या अनेक घड्याळांत एकाच संपर्कातून दोन-तीन रेघा चालतात. म्हणून शेजारच्या दोन आकड्यांतल्या रेघा एकदम गेल्या तरी दोष एकाच जागी असू शकतो.

इथे लोक काच दाबून बघतात किंवा संपर्काच्या जागा खोडरबराने, पॉलिश पेपरने घासतात. काच तडकते आणि पातळ मुलामा निघून जातो. पट्टी चिमट्याने अलगद उचला, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. सर्किटवरच्या आणि काचेच्या कडेच्या जागाही तशाच पुसा. जोडताना पट्टीची डावी-उजवी टोकं उलटी करून बसवा. दोष जागा बदलतो का ते पाहा: बदलला तर पट्टीच खराब, जागच्या जागी राहिला तर काचेकडे किंवा सर्किटकडे लक्ष द्या.

आता आपल्या हवेत सर्रास दिसणारा दोष. आकडे सगळे आहेत, पण पडदा पिवळट, डागाळलेला, कुठे फुगे आलेले. ही पोलरायझर फिल्म, म्हणजे काचेवर चिकटवलेली, एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारी फिल्म, खराब झाल्याची खूण. उष्णता आणि दमट हवा तिचा प्लास्टिकचा थर कुजवतात. मागचं झाकण उघडल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर शंका उरत नाही. फिल्म बदलता येते आणि घड्याळाचं रूपच पालटतं. पण जुनी फिल्म ओरबाडण्याआधी तिची दिशा टिपून ठेवा. नवी फिल्म 90 अंशांनी फिरली तर काळ्यावर पांढरे आकडे उमटतील. मागच्या फिल्मला चंदेरी परावर्तक थर असतो, पुढच्या फिल्मला नसतो. त्यांची अदलाबदल चालत नाही. अल्कोहोलने गोंद सोडवताना काचेच्या कडेचं सील भिजवू नका. फिल्म काढल्यावर आकडे दिसेनासे झाले म्हणून घाबरूही नका. पोलराइज्ड गॉगल समोर धरून तो फिरवा, मागची फिल्म जागेवर असेल तर आकडे दिसतील.

कडेपासून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरत असेल तर मात्र काच फुटली किंवा सील गेलं. तिथे दुरुस्ती नाही, त्याच मॉड्यूलचं दुसरं घड्याळ शोधायचं. कॅसिओच्या मागच्या झाकणावर छोट्या चौकटीत मॉड्यूलचा क्रमांक असतो, एफ-91डब्ल्यूचा 593. जुन्या घड्याळांच्या बाजारात जाताना तो लिहून न्या, नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही.

लाल आकड्यांच्या एलईडी घड्याळांचं गणित निराळं. 1972 साली आलेल्या पल्सर या घड्याळापासून ही घड्याळं बटण दाबल्यावरच वेळ दाखवतात. दाबूनही काही दिसलं नाही, तर आधी जास्त प्रवाह देऊ शकणारे ताजे सेल घाला. आतल्या केसाएवढ्या तारा तुटल्या असतील तर घरी प्रयत्न करू नका.

घड्याळात वाफ धरली की तांदळाच्या डब्यात पुरणं आणि हेअर ड्रायर लावणं, दोन्ही टाळा. तांदळाची भुकटी संपर्कांत बसते, गरम हवेने फिल्मचा गोंद सैल पडतो. सेल काढा, झाकण उघडं ठेवा आणि घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात दिवसभर राहू द्या. पावसाळ्यात हे काम एसी सुरू असलेल्या खोलीत करा आणि झाकणही तिथेच लावा. गार झालेलं उघडं घड्याळ तसंच व्हरांड्यात आणलं, तर सर्किटवर लगेच दव धरतं. झाकणाची रबरी रिंग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन बसवा. चपटी किंवा कडक झाली असेल तर जुनी परत घालू नका.