सुट्टीतील घरगुती गणिताची तयारी : तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी

एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो, सकाळी दहानंतर मुले घरातच असतात आणि त्याच दिवसांत गच्चीवर बिबडे, पापड, कुरडया घालण्याचे काम चालू असते. लहान मुलांशी मोजण्या-मापण्याचे खेळ खेळायला याहून सोयीचा काळ नाही. विकत आणावे लागेल असे या यादीत काहीच नाही. मात्र कोणती वस्तू कोणत्या प्रश्नासाठी काढली आहे, हे मोठ्या माणसाच्या मनात आधी ठरलेले असावे; ते ठरले नसेल तर डबाभर चिंचोके जमवूनही मुलाकडून ‘एक ते शंभर म्हणून दाखव’ एवढेच करून घेतले जाते.

प्रथम मोजण्याच्या वस्तू निवडाव्यात. चिंचोके, बाटल्यांची बुचे, मोठी बटणे आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे पुरेसे आहेत. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, बटणे, बुचे असे सर्व बारीक साहित्य वर ठेवून फक्त चिमटे आणि वाट्या घ्याव्यात, कारण बारीक वस्तू नाकात किंवा श्वासनलिकेत अडकू शकते. बांधावर सापडणाऱ्या एरंडाच्या बिया आणि गुंजा कितीही देखण्या असल्या तरी विषारी असतात. त्या खेळात येऊच देऊ नयेत.

सुरुवातीला पाचापेक्षा जास्त वस्तू मुलापुढे मांडू नयेत. मुलाने बोट लावून पाचपर्यंत मोजले की लगेच ‘मग किती आहेत?’ असे विचारावे. मूल पुन्हा एकपासून मोजू लागले, तर त्याला अंकांचा क्रम येतो, पण शेवटी उच्चारलेला अंक सगळ्यांची मिळून संख्या सांगतो हे अजून उमगलेले नाही, असे समजावे. अशा वेळी वस्तू वाढवण्याऐवजी ‘मला तीन चिमटे दे’ अशी मागणी करावी, कारण नेमके तीन वेगळे काढून देणे हे तीनपर्यंत म्हणून दाखवण्यापेक्षा अवघड आणि अधिक मोलाचे आहे. जेवणाची ताटे मांडण्याचे काम मुलाकडे सोपवून वाट्या मुद्दाम एकाने कमी द्याव्यात. कमी पडल्याचे आपण सांगू नये, ते त्याचे त्याला कळू द्यावे. तीन किंवा चार चिंचोके वाटीखाली झाकून क्षणभर उघडायचे आणि न मोजता संख्या ओळखायची, हा खेळ आजी-आजोबांनाही बसल्या जागी खेळता येतो.

केळ्यांची फणी हे या भागातील सर्वांत उत्तम आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे, असे माझे मत आहे. फणीत केळी दोन ओळींत असतात, त्यामुळे वरच्याला खालचे जोडीदार शोधता येते आणि एखादे एकटे उरले तर सम-विषम हे शब्द न उच्चारताही त्यामागील कल्पना मुलाच्या हाती येते. रावेर-यावलकडे घरात अख्खा घडच येतो. तेथे आधी फण्या मोजाव्यात, मग एका फणीतली केळी मोजावीत आणि मोजताना ‘एक’ कशाला धरायचे हे बदलले, याकडे मुलाचे लक्ष वेधावे.

बिबडे घालताना कापडाचा एक कोपरा मुलासाठी राखून ठेवावा आणि त्याचे हात आधीच धुऊन घ्यावेत, म्हणजे ऐन कामात रागावण्याची वेळ येत नाही. एका ओळीत पाच, अशा तीन ओळी त्याला मांडू द्याव्यात. नंतर कापडाच्या शेजारच्या (समोरच्या नव्हे) बाजूला उभे करून आता ओळी किती आणि प्रत्येकीत किती, हे विचारावे. बिबडे पंधराच राहतात, पण तीन ओळींच्या पाच झालेल्या दिसतात. पाढ्यांचा विषय येथे काढू नये.

मापनासाठी रुंद पातेले, उंच पेला आणि एक लहान वाटी काढावी. पेल्यातले पाणी मुलादेखत पातेल्यात ओतून ‘आता पाणी तेवढेच आहे का?’ असे विचारले, तर साधारण सात वर्षांच्या आतील बहुतेक मुले नाही म्हणतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी दाखवून दिले होते. मुलाला चूक ठरवू नये. वाटीने मोजून परत ओतायला सांगावे. पाण्याची टंचाई असेल तर ज्वारी वापरावी. माळ्यावर जुनी मापे असतील तर ती अवश्य उतरवावीत, कारण दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली ही दुपटीची साखळी धान्य ओतून पाहता येते.

तूर, उडीद, मूग आणि मठ एकत्र करून वेगळे करायला द्यावेत, पण रंगाने की आकाराने, हे मुलाला ठरवू द्यावे. लाल-हिरव्या बांगड्यांची आळीपाळीने रांग लावून पुढची कोणती, एवढे विचारले की पुरे.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडून दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधून ठेवाव्यात. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन, म्हणून अनेक मुले ५२ लिहितात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे वाचनही दिले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. घरी त्या वादात पडण्याचे कारण नाही. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या हातात असल्या की मुलाला दोन्ही नावे चालतात.

घरात अहिराणी बोलली जात असेल तर प्रश्नही अहिराणीतच विचारावेत. खेळ दहा-पंधरा मिनिटांचा ठेवावा आणि मुलाचे लक्ष उडाले की तेथेच थांबवावा. मिसळलेली कडधान्ये एकत्र शिजवायची झाली तर ती निवडून, धुऊन मगच घ्यावीत, कारण त्यांत एखादे बटण निघण्याची शक्यता असते.