पहिल्या नानकटाईआधी ओव्हनची तयारी

दिवाळीच्या तोंडावर घरात ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला विजेचा छोटा ओव्हन येतो आणि त्याच संध्याकाळी नानकटाईचं पीठ मळायला घेतलं जातं. माझा आग्रह असा, की पहिला दिवस नुसता ओव्हनला द्या, त्या दिवशी खायचं काहीही भाजू नका. पूर्वी ट्रे घेऊन बेकरीत जायचो तेव्हा भट्टीची धग जाणणारा माणूस तिथे असायचा. आता ते काम घरातल्याच कुणीतरी शिकायचं आहे, आणि पीठ मळून ठेवल्यावर ते घाईघाईत होतं.

आधी भिंतीवरचा पॉइंट बघा. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. घरगुती ओटीजी साधारण ८०० ते २००० वॅटचे मिळतात. १५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे मिक्सर लावतो तो ६ अँपिअरचा लहान पॉइंट त्याला पुरत नाही. १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा. तो ओट्याजवळ नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, एक्स्टेन्शन बोर्डावर भागवू नका. त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्या. ओव्हनचं अंग पत्र्याचं आहे. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर स्विच बंद, प्लग बाहेर, आणि दुरुस्ती होईपर्यंत ओव्हनला हात नाही. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर तो चालवू नये.

मग जागा. सपाट, कोरडी, सिंकपासून लांब. बाजूंना आणि मागे किमान १० सेंटीमीटर मोकळं सोडा; माहितीपुस्तिकेत जास्त अंतर सांगितलं असेल तर तेच पाळा. आपल्या स्वयंपाकघरात एक गोष्ट हटकून राहून जाते, ती म्हणजे गॅसची रबरी नळी. ओव्हनच्या मागून किंवा खालून ती जात नाही ना, हे वाकून बघा. ओव्हनची वरची बाजू रिकामी दिसते म्हणून तिथे चहा-साखरेचे डबे जाऊन बसतात. ती बाजू चांगलीच तापते, तिथे काहीच नको.

आता दार उघडा आणि आतली ओळख करून घ्या. वर आणि खाली दिसतात ते तापणारे रॉड. त्यांना हात, फॉइल किंवा भांडं लागता कामा नये. सगळ्यात खाली चुरा पडण्याचा पातळ ट्रे असतो, तो बाहेर सरकतो. त्यावर फॉइल अंथरायचा मोह टाळा, कारण उष्णता नको तिथे परतते. जाळी लावायला दोन-तीन खाचा असतात. केक आणि नानकटाईसाठी मधली. ट्रे बाहेर काढायचा चिमटा वेगळा मिळतो, तो गार ट्रेला लावून दोन-चारदा उचलून बघा, पकड हाताला कळली पाहिजे.

बटणांपाशी जरा थांबा, सगळा गोंधळ तिथेच होतो. एक बटण तापमानाचं, बहुधा १०० ते २५० अंश सेल्सिअसचं. दुसरं कोणते रॉड चालू ठेवायचे ते ठरवतं: खालचा, वरचा की दोन्ही. पंखा असेल तर त्याचीही निवड तिथेच. तिसरं टायमर. टायमर शून्यावर असेल तर बहुतेक ओव्हन तापतच नाहीत, आणि नवा ओव्हन बिघडल्याची तक्रार इथूनच सुरू होते. ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, उतरलं की पुन्हा चालू करतो. म्हणून मधेच रॉडची लाली गेली तर घाबरू नका. फक्त वरचा रॉड चालू असताना मात्र ओव्हनसमोरून हलू नका, रंग येणं आणि करपणं यात मिनिटाचंही अंतर नसतं.

एवढं झालं की ट्रे, जाळी साबणाने धुऊन पुसा, आतलं पॅकिंग काढलंय याची खात्री करा, खिडक्या उघडा आणि दोन्ही रॉड लावून रिकामा ओव्हन २५० अंशांवर १५-२० मिनिटं तापवा. रॉडवरचा कारखान्यातला लेप जळतो, त्याचा थोडा धूर आणि वास येणारच.

गार झाल्यावर तापमानाची परीक्षा घ्या. बटणावरचा आकडा आणि आतली धग यांत फरक पडतो, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर पैसे सत्कारणी लागतील. तो नसेल तर साखर आहे. ती १८६ अंशांच्या आसपास वितळते. तापलेल्या ओव्हनमध्ये १७५ वर छोट्या स्टीलच्या वाटीत चमचाभर साखर १५ मिनिटं ठेवा, ती दाणेदार राहायला हवी. नवी साखर घेऊन १९० वर ठेवा, ती वितळायला हवी. १७५ लाच पाणी झालं तर तुमचा ओव्हन कडक आहे. नानकटाईला १६० लिहिलं असेल तिथे १५० लावा.

भांड्यांत ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकची मूठ नसलेलं स्टील चालतं. मायक्रोवेव्हचे प्लॅस्टिकचे डबे इथे वितळतात. बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच चालते, पण गरम काच ओल्या ओट्यावर ठेवली तर तडकते. मेणाचा कागद नको, बेकिंगसाठीचाच घ्या आणि त्याच्या कडा रॉडपर्यंत जाणार नाहीत अशा कापा.

हातमोजे जाड, सुती आणि कोरडे हवेत. ओल्या फडक्यातून वाफ थेट कातडीला भाजते. दार उघडताना चेहरा बाजूला ठेवा. ट्रे कुठे टेकवणार ती जागा आधी मोकळी करा, आणि लहान मुलं असतील तर दाराच्या काचेपासून त्यांना लांब ठेवायला एक मोठं माणूस नेमा.

आत काही पेटलं तर दार उघडू नका, पाणी तर मुळीच टाकू नका. भिंतीवरचा स्विच बंद करा, हवा संपली की आग विझते. विझली नाही किंवा बाहेर आली तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा. हात भाजला तर लगेच अंगठी-बांगड्या काढून नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल किंवा कातडी पांढरी पडली असेल तर थेट डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी पीठ मळा. पेढ्याएवढे गोळे ट्रेवर अंतर ठेवून मांडा, ओव्हन दहा मिनिटं आधी तापवा, आणि पहिल्या खेपेला सहाच नानकटाया लावून बघा.