लावणीचे शब्द ढोलकीवर कसे बसवले

भावगीतं गाण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे शब्द मऊ सोडायची सवय जिभेत मुरलेली. माईक ओठांजवळ असतो, म, न, ल यांवर सूर रेंगाळतो आणि ते शोभतंही. पण तीच जीभ घेऊन लावणीला उभं राहिलं की ढोलकीपुढे शब्द विरून जायचे. सूर पक्का, तरी ठसका नाही.

उपाय सापडला तो चाल बाजूला ठेवल्यावर. हाताने ठेका धरून ओळ नुसती बोलायची. तेव्हा कळलं, व्यंजन ठोक्याच्या किंचित आधी हवं. ठोक्यावर यायला हवा तो स्वर. ‘ठसका’ म्हणताना जीभ टाळूला आधी लागते आणि ‘अ’ थेट थापेवर उघडतो. ट, ठ, ड, क असे सुटले की आवाज न चढवताही शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचतो. १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हा माईक नव्हताच. नाट्यपदं गाणाऱ्यांना हेच बळ लागायचं.

अभंगात हा कडकपणा मी सोडते. तिथे टाळकऱ्यांबरोबर ओळीचं शेवटचं अक्षर एकत्र मिटणं महत्त्वाचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रकारात बदलत नाही: ‘चांदणं’मधला च दातांमागे, ‘चंद्र’मधला टाळूवर. हल्ली दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि मला ते फार खटकतं. रियाजाला बसले की हे दोन शब्द मी आधी पाठोपाठ म्हणून घेते, मगच तानपुरा लावते.