पिचिंग वेज आणि सँड वेज यांच्यामधली ३५ यार्डांची पोकळी कशी भरली : माझा अनुभव

गोल्फ खेळताना भोकावरचा ध्वज शंभर यार्डांच्या आसपास असला की माझ्याकडे त्या अंतराचा क्लबच, म्हणजे चेंडू मारायची काठीच, नसे. वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांसाठीचे क्लब; त्यांतल्या पिचिंग वेजचा पूर्ण फटका ११५ यार्ड जाई आणि सँड वेजचा ८० यार्डांवरच संपे. पिचिंग वेज आखूड धरून पाहिला, अर्धा स्विंग केला, सँड वेज जोर लावून मारला. दोन हंगाम या एका अंतराने मला रडवले.

उपाय सापडला तो मोजमापातून. आधी दोन्ही वेजचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल; तो जितका कमी, तितका चेंडू लांब जातो) यंत्रावर तपासून घेतला, कारण पिचिंग वेजच्या तळावर नुसते ‘पी’ कोरलेले होते. तो ४४ अंश निघाला आणि सँड वेज ५६. हल्लीच्या अनेक आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचे क्लब) संचांत पिचिंग वेजचा लॉफ्ट पूर्वीपेक्षा कमी असतो, त्यामुळेच ही दरी रुंदावते. मग नेहमीच्याच चेंडूने प्रत्येकी दहा पूर्ण फटके मारले आणि चुकलेले वगळून, चेंडू जमिनीला प्रथम टेकेपर्यंतच्या अंतराची सरासरी काढली. पुढचे घरंगळणे धरले नाही. त्यानंतरच बरोबर मधला, ५० अंशांचा वेज घेतला. ५२ अंशांचा घेतला असता, तर एका बाजूला ८ अंशांची फट तशीच उरली असती. पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवण्याची मर्यादा पाळण्यासाठी क्वचित वापरला जाणारा तीन नंबरचा आयर्न पिशवीतून काढला. नव्या वेजची सरासरी ९८ यार्ड आली.